सुडो चालेना, साइट उघडेना: लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांचे वारंवार येणारे प्रश्न

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधले कारखाने, नौपाड्यातले दवाखाने आणि क्लासेस, नवी मुंबईत वाशी-तुर्भ्याचे व्यापारी, रबाळे-महाप्याची छोटी ऑफिसं. यांच्यापैकी बऱ्याच जणांकडे एक लिनक्स मशीन असतं आणि ते सांभाळणारा माणूस मुळात दुसऱ्याच कामाला ठेवलेला असतो. हे पान त्या माणसासाठी आहे. खालचे प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

कमांड आम्ही फोनवर सांगतो तशा, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे. लिनक्सच्या प्रकारांपैकी ‘उबुंटू’ म्हटलं की डेबियनही त्यात आलं आणि ‘रॉकी’ म्हटलं की अल्मा आणि रेड हॅटही. फरक असेल तिथे वेगळं लिहिलं आहे.

## ॲडमिनचा ताबा

१. रूट, सुडो आणि ॲडमिन युजर यांत फरक काय?

रूट हा मशीनचा मालक. त्याचा युजर क्रमांक ० असतो आणि त्याला कुठलीही परवानगी विचारली जात नाही. सुडो हा एक प्रोग्राम आहे. साध्या युजरला तो एका कमांडपुरता रूटचा अधिकार देतो आणि कोणी काय चालवलं याची नोंद ठेवतो. ‘ॲडमिन युजर’ म्हणजे ज्याला सुडो वापरायची मुभा आहे असा साधा युजर. उबुंटूवर त्यासाठी ‘सुडो’ नावाचा ग्रुप असतो, रॉकीवर ‘व्हील’ नावाचा.

सुडो रूटचा पासवर्ड विचारत नाही, तुमचाच विचारतो. उबुंटूवर रूटचं खातं सुरुवातीपासून कुलूपबंद असतं, त्यामुळे ‘रूटचा पासवर्ड काय?’ या प्रश्नाला तिथे बहुतेक वेळा उत्तरच नसतं.

२. पासवर्ड टाइप करतोय पण स्क्रीनवर काहीच उमटत नाही. कीबोर्ड गेला का?

नाही. टर्मिनल सहसा पासवर्डाची ठिपकीसुद्धा दाखवत नाही. न बघता टाइप करा आणि एंटर दाबा. तरीही ‘सॉरी, ट्राय अगेन’ येत असेल तर कॅप्स लॉक बघा आणि कीबोर्डचा लेआउट बघा. लेआउट मराठीवर राहिला असेल किंवा अमेरिकन सोडून ब्रिटिश झाला असेल, तर ‘ॲट’चं चिन्ह भलत्याच कळीवर जातं. युजरनेमच्या जागी पासवर्ड टाइप करून बघितला की काय उमटतंय ते लगेच दिसतं. फक्त एंटर दाबू नका, आधी पुसा.

३. ‘युजर इज नॉट इन द सुडोअर्स फाइल, धिस इन्सिडेंट विल बी रिपोर्टेड’ असं आलं. तक्रार कोणाकडे गेली?

घाबरू नका, तक्रार मशीनबाहेर कुठेही गेली नाही. सिस्टमच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, एक ओळ पडली, आणि मेलची सोय असेल तर रूटच्या मेलबॉक्समध्ये एक मेल. अर्थ एवढाच की तुमचा युजर सुडोच्या ग्रुपात नाही. ज्याला अधिकार आहे अशा माणसाकडून ‘सुडो यूजरमॉड डॅश ए मोठा जी सुडो’ आणि पुढे तुमचं युजरनेम, असं चालवून घ्या. रॉकीवर शेवटच्या ‘सुडो’ऐवजी ‘व्हील’.

यातला छोटा ‘ए’ विसरू नका. तो राहिला तर युजर बाकीच्या सगळ्या जादा ग्रुपांमधून बाहेर पडतो. एकुलत्या एका ॲडमिनने स्वतःला असं डॉकरच्या ग्रुपात घातलं आणि सुडोच्या ग्रुपातून घालवलं, अशा तक्रारी आमच्याकडे नेमाने येतात. तसं झालं असेल आणि मशीन जवळ असेल तर थेट प्रश्न ७ वर जा, क्लाउडवर असेल तर प्रश्न ८ वर, आणि रिकव्हरीतून वरची कमांड चालवा.

४. ग्रुपमध्ये घातलं, तरी तोच एरर येतो.

पूर्ण लॉगआउट करून परत लॉगिन केलंत का? ग्रुप लॉगिनच्या क्षणी ठरतात. चालू सेशनला नवा ग्रुप कळत नाही. टीमक्स किंवा स्क्रीनमध्ये (कनेक्शन तुटलं तरी सेशन चालू ठेवणारे प्रोग्राम) काम करत असाल तर तेही बंद करा, कारण आतलं सेशन जुनंच राहतं. मग ‘आयडी’ एवढीच कमांड द्या आणि यादीत सुडो किंवा व्हील दिसतंय का बघा.

ग्रुप दिसतोय तरी चालत नसेल, तर सुडोअर्स फाइलमधली (सुडो कोणाला वापरता येतं ते हीच फाइल ठरवते) त्या ग्रुपची ओळ कोणीतरी हॅश लावून बंद केलेली असते.

आणखी एक फसवी गोष्ट: ‘सुडोअर्स डॉट डी’ फोल्डरमध्ये युजरच्या नावाने वेगळी फाइल ठेवली असेल आणि तिच्या नावात टिंब असेल, उदाहरणार्थ ‘राहुल.पी’, तर सुडो ती फाइल वाचतच नाही. एररसुद्धा देत नाही. नावातलं टिंब काढा, काम होईल.

५. डेबियनवर ‘एसयू’ करून रूट झालो, तर ‘यूजरमॉड: कमांड नॉट फाउंड’ म्हणतं!

‘एसयू’नंतर एक जागा सोडून डॅश द्या. २०१९ साली आलेल्या डेबियन १० पासून नुसतं ‘एसयू’ केलं तर जुन्या युजरचाच पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) राहतो आणि त्यात ‘एसबिन’ फोल्डर नसतं. डेबियनचंच आणखी एक: इन्स्टॉल करताना रूटला पासवर्ड दिला असेल, तर पहिल्या युजरला सुडोचा अधिकार मिळत नाही. ही बिघाडाची खूण नाही, त्यांची पद्धतच तशी आहे.

६. सुडोअर्स फाइल एडिट केली आणि आता सुडोच चालत नाही. प्रत्येक कमांडला ‘सिंटॅक्स एरर’.

आधी हातातलं टर्मिनल बंद करू नका. कुठल्याही खिडकीत रूटचं सेशन उघडं असेल तर तेच तुमचं सोनं आहे. तिथे ‘व्हीआयसुडो’ चालवा. ते कितव्या ओळीत चूक आहे ते सांगतं. ओळ दुरुस्त करा, सेव्ह करा, झालं.

तसं सेशन नसेल आणि उबुंटू डेस्कटॉप समोर असेल, तर ‘पीकेएक्झेक व्हीआयसुडो’ करून बघा. हा रस्ता सुडोवर अवलंबून नाही, तो पोलकिट या परवानगी देणाऱ्या दुसऱ्या यंत्रणेमार्फत जातो. मात्र तुमचा युजर सुडोच्या ग्रुपात हवा. एसएसएचवरून, म्हणजे दुरून लॉगिन करून, हीच कमांड बऱ्याचदा पासवर्ड न विचारताच अडते. तेव्हा दुसरं सेशन उघडून त्यात ‘पीकेटीटीवायएजंट’ला पहिल्या सेशनचा प्रोसेस क्रमांक द्यावा लागतो. पासवर्ड त्या दुसऱ्या खिडकीत विचारला जातो.

दोन्ही जमलं नाही तर रिकव्हरीतून जा: मशीन जवळ असेल तर प्रश्न ७, क्लाउडवर असेल तर प्रश्न ८.

पुढच्या वेळेसाठी कळकळीने सांगतो. सुडोअर्स फाइल कधीही साध्या एडिटरमध्ये उघडू नका, व्हीआयसुडोनेच उघडा. ते सेव्ह करण्याआधी तपासतं आणि चूक असेल तर विचारतं. आणि अधिकाराशी संबंधित काहीही बदलताना दुसऱ्या खिडकीत ‘सुडो डॅश आय’ करून रूटचं सेशन उघडं ठेवा. बदल झाल्यावर तिसऱ्या, नव्या लॉगिनमधून सुडो चालतंय का बघा, आणि मगच ती खिडकी बंद करा. एवढी एक सवय लागली तर या पानाचा पहिला अर्धा भाग तुम्हाला कधी लागणार नाही.

७. मशीन ऑफिसातच आहे, पण एकही ॲडमिन पासवर्ड कोणाला आठवत नाही.

मशीनसमोर मॉनिटर-कीबोर्ड लावून बसा. उबुंटूवर रीस्टार्ट करताना जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवा, नव्या यूईएफआयवर एस्केप दाबा. ग्रबचा (मशीन बूट करणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आला की ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, त्यात ‘रिकव्हरी मोड’, त्यात ‘रूट’. डिस्क केवळ वाचण्यापुरती जोडलेली असू शकते, म्हणून आधी ‘माउंट डॅश ओ रीमाउंट,आरडब्ल्यू’ आणि एक जागा सोडून तिरकी रेघ. मग ‘पासडब्ल्यूडी’ आणि युजरनेम, नवा पासवर्ड दोनदा, आणि रीबूट. सुडोअर्स बिघडली असेल तर तीही याच ठिकाणी दुरुस्त होते.

डेबियनवर रूटचं खातं कुलूपबंद असेल तर रिकव्हरीही ‘रूट अकाउंट इज लॉक्ड’ म्हणून परत पाठवते. तिथे ग्रबमध्ये ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘इनिट बरोबर तिरकी रेघ बिन तिरकी रेघ बॅश’ जोडा. ‘बरोबर’ म्हणजे बरोबरचं चिन्ह.

रॉकी ८ आणि ९ वर त्याच ओळीच्या शेवटी ‘आरडी डॉट ब्रेक’ जोडतात. मग सिसरूट (तिथे जोडलेली मशीनची खरी डिस्क) लिहिता येईल असं माउंट करून त्यात सीएचरूट करायचं, म्हणजे तिलाच मूळ मानून आत जायचं, आणि पासवर्ड बदलायचा. शेवटी ‘टच’ कमांडने सगळ्यात वरच्या (तिरकी रेघ) फोल्डरमध्ये ‘डॉट ऑटोरीलेबल’ नावाची रिकामी फाइल बनवायची. ही फाइल विसरलात तर एसईलिनक्स (रॉकीवरची जादा सुरक्षा यंत्रणा) नवा पासवर्ड असूनही आत येऊ देत नाही. पुढच्या बूटला मशीन सगळ्या फाइलींवर लेबलं लावतं, मोठ्या डिस्कला वेळ लागतो. मध्येच बंद करू नका.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल आणि तिची किल्ली हरवली असेल, तर यातलं काहीही उपयोगी नाही. बॅकअप शोधा.

८. सर्व्हर क्लाउडवर आहे, तिथे ग्रब कुठून दाबणार?

बऱ्याच कंपन्या ब्राउझरमधून ‘कन्सोल’ देतात. त्यातून प्रश्न ७ ची पद्धत चालते. ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये मशीन असेल तर आधी योग्य युजरने लॉगिन करताय ना हे बघा. उबुंटूच्या मशीनवर तो ‘उबुंटू’, डेबियनवर ‘ॲडमिन’, ॲमेझॉन लिनक्सवर ‘ईसीटू-यूजर’. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

युजर बरोबर असून सुडो मोडलं असेल तर मशीन थांबवा, त्याची मुख्य डिस्क काढा आणि त्याच झोनमधल्या दुसऱ्या मशीनला जादा डिस्क म्हणून लावा. फाइल दुरुस्त करून डिस्क परत मूळ जागी बसवा. मशीन थांबवण्याआधी दोन गोष्टी बघा: इलॅस्टिक (कायम तोच राहणारा) आयपी नसेल तर थांबवून सुरू केल्यावर पब्लिक आयपी बदलतो आणि डोमेन जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहतं. आणि इन्स्टन्स स्टोअरवरचा (मशीनसोबतच्या तात्पुरत्या डिस्कवरचा) डेटा थांबवताच जातो.

९. आधीचा सर्व्हरवाला पासवर्ड देत नाही. आम्ही स्वतः आत शिरलो तर गुन्हा होतो का?

मशीन तुमच्या संस्थेच्या मालकीचं असेल आणि ते उघडायला सांगणारा माणूस संस्थेचा जबाबदार अधिकारी असेल, तर तुम्ही आपल्याच घराचं कुलूप बदलताय. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ मालकाच्या परवानगीविना केलेल्या प्रवेशाबद्दल आहे. तेच अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून परवानगी लेखी घ्या. सोसायटी असेल तर कमिटीचा ठराव, कंपनी असेल तर संचालकाचा मेल.

खरी अडचण क्लाउडच्या खात्याची होते. खातं त्या माणसाच्या नावावर आणि त्याच्या मेलवर असेल, तर करार आणि बिलं पुढे करून कंपनीशी बोलण्यावाचून मार्ग नाही. नवीन सर्व्हर घेताना क्लाउडचं खातं, डोमेन आणि बिल या तिन्ही गोष्टी संस्थेच्या नावावर ठेवा. आणि किमान दोन माणसांना स्वतंत्र ॲडमिन युजर द्या. एकच पासवर्ड दोघांत वाटू नका.

१०. परमिशनचा त्रास होता म्हणून सगळ्यांवर ‘सीएचमॉड ७७७’ चालवलं. आता सुडोही चालत नाही.

फक्त वेबसाइटच्या फोल्डरवर चालवलं असेल तर सुधारता येतं: फोल्डरांना ७५५, फाइलींना ६४४, पासवर्ड असलेल्या कॉन्फिग फाइलींना ६४०. पण ‘यूएसआर’ किंवा मुळापासून सगळ्यावर चालवलं असेल तर सुडोचा सेटयूआयडी बिट (प्रोग्राम त्याच्या मालकाच्या अधिकाराने चालवणारी खूण) उडतो. मग ‘सुडो मस्ट बी ओन्ड बाय यूआयडी ० अँड हॅव द सेटयूआयडी बिट सेट’ असा संदेश येतो. रिकव्हरीत जाऊन ‘यूएसआर’च्या ‘बिन’मधल्या सुडोवर आधी मालक रूट करा, मग ‘सीएचमॉड ४७५५’ द्या. क्रम महत्त्वाचा आहे, कारण मालक बदलला की बिट जातो.

सुडो सुरू झालं म्हणजे मशीन बरं झालं असं समजू नका. शेकडो फाइलींच्या परवानग्या बिघडलेल्या असतात. आमचं स्पष्ट मत: डेटा काढून घ्या आणि मशीन नव्याने लावा.

११. सुडो लावूनही ‘परमिशन डिनाइड’ येतं. रूटलाही नाही म्हणणारं कोण आहे?

बहुतेक वेळा रूटला कोणी नाही म्हटलेलंच नसतं. ‘सुडो एको’ करून पुढे बाणाच्या चिन्हाने फाइलमध्ये लिहायला गेलात, तर सुडो फक्त ‘एको’ला लागतं आणि फाइल तुमच्या साध्या युजरची शेल उघडते. बाणाऐवजी पाइप लावून ‘सुडो टी’ वापरा.

खरोखर अडत असेल तर संदेश नीट वाचा. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टम’ असेल तर प्रश्न १६. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ असेल तर ‘एलएसॲटर’ने बघा, कोणीतरी फाइलला ‘आय’ खूण लावून गोठवलेली असू शकते.

## बंद पडलेला वेब सर्व्हर

१२. साइट उघडत नाही. सगळ्यात आधी काय करू?

रीस्टार्ट करू नका. ही विनंती आहे, कारण रीस्टार्टने कधीकधी पुरावा जातो आणि कधीकधी अर्धवट चालणारी गोष्ट पूर्ण बंद पडते.

आधी ‘सिस्टमसीटीएल स्टेटस’ आणि पुढे सर्व्हिसचं नाव. अपॅची आणि एनजिनएक्स हे वेब सर्व्हर. उबुंटूवर अपॅचीचं नाव ‘अपॅची२’ आहे, रॉकीवर ‘एचटीटीपीडी’, आणि एनजिनएक्स दोन्हीकडे ‘एनजिनएक्स’च. ‘युनिट नॉट फाउंड’ आलं तर नाव चुकलंय. ‘ॲक्टिव्ह रनिंग’ असेल तर सर्व्हर बंद नाहीच, प्रश्न १८ बघा. ‘इनॲक्टिव्ह डेड’ म्हणजे कोणी थांबवला किंवा सुरूच केला नाही. ‘फेल्ड’ म्हणजे सुरू व्हायला गेला आणि पडला.

फेल्ड असेल तर कॉन्फिग तपासा. अपॅचीला ‘सुडो अपॅचीसीटीएल कॉन्फिगटेस्ट’, एनजिनएक्सला ‘सुडो एनजिनएक्स डॅश टी’. फाइल आणि ओळ दोन्ही कळतं. मग ‘सुडो जर्नलसीटीएल डॅश यू’, सर्व्हिसचं नाव, ‘डॅश एन ५०’. लॉग वाचताना शेवटची ओळ वाचून थांबू नका. शेवटी ‘फेल्ड टू स्टार्ट’ असतंच, त्याने काही कळत नाही. वर सरकत जा आणि त्या प्रयत्नातला पहिला एरर शोधा.

अपॅचीचं ‘एएच००५५८, कुड नॉट रिलायेबली डिटरमाइन’ हे सगळ्यांना दिसतं आणि सगळे त्याच्यामागे लागतात. तो फक्त इशारा आहे. त्याने सर्व्हर कधीच अडत नाही.

१३. ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ म्हणतो. कोण वापरतंय?

‘सुडो एसएस डॅश एलटीएनपी’ द्या आणि ८० किंवा ४४३ या पोर्ट क्रमांकासमोर (वेबसाइटचे हे नेहमीचे दरवाजे) कोणाचं नाव आहे ते वाचा. बहुतेक वेळा कोणीतरी एनजिनएक्स टाकताना अपॅची आधीच चालू असतो, किंवा डॉकरच्या कंटेनरने ८० घेतलेला असतो. दोघांपैकी कोण हवा ते ठरवा. दुसऱ्याला ‘स्टॉप’ आणि ‘डिसेबल’ दोन्ही करा, नाहीतर पुढच्या बूटला जो आधी उठेल तो पोर्ट घेईल.

समोर तुमच्याच सर्व्हरचं नाव असेल तर जुनी प्रोसेस लटकलेली आहे, किंवा कॉन्फिगमध्ये तोच पोर्ट दोनदा लिहिलाय. ‘पोर्ट्स’ फाइल आणि साइटची फाइल दोन्ही बघा.

‘इन यूज’ऐवजी ‘परमिशन डिनाइड’ असेल तर प्रकरण वेगळं आहे. १०२४ च्या खालचे पोर्ट साध्या युजरला मिळत नाहीत. आणि रॉकीवर नेहमीपेक्षा वेगळा पोर्ट असेल तर एसईलिनक्सला ‘सेमॅनेज पोर्ट’ने तो सांगावा लागतो.

१४. कॉन्फिगटेस्ट ‘सिंटॅक्स ओके’ म्हणतो, तरी अपॅची उठत नाही.

ओके म्हणजे व्याकरण बरोबर. खरी कामं सुरू होताना होतात.

नेहमीचा प्रकार असा: डिस्क भरली म्हणून कोणीतरी ‘व्हार’च्या ‘लॉग’मधलं ‘अपॅची२’ हे अख्खं फोल्डर उडवतं. चालू अपॅची त्यावर काही बोलत नाही, तो आधीच उघडलेल्या फाइलींत लिहीत राहतो. पुढे कधीतरी रीस्टार्ट होतो आणि एरर लॉगचं फोल्डर सापडत नाही म्हणून पडतो. हे कॉन्फिगटेस्टलाही कळतं, म्हणून तो पुन्हा एकदा चालवून बघा. दोन घटनांत इतके दिवस गेलेले असतात की संबंध कोणाला लागत नाही. फोल्डर परत बनवा, मालक रूट, ग्रुप ‘एडीएम’, परवानगी ७५०, आणि सुरू करा.

याशिवाय सर्टिफिकेट आणि त्याची खाजगी किल्ली एकमेकांशी न जुळणं, किल्लीला पासफ्रेज असणं, आणि कॉन्फिगमध्ये लिहिलेला आयपी मशीनवर आता नसणं, या तीन गोष्टी बघा. तिसरी असेल तर लॉगमध्ये ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’ लिहिलेलं असतं.

१५. डिस्क भरली आहे. काय पुसू?

‘डीएफ डॅश एच’ने जागा बघा आणि ‘डीएफ डॅश आय’ने आयनोड (प्रत्येक फाइलीला एक लागते अशी नोंद). जागा शिल्लक असून ‘नो स्पेस लेफ्ट’ येत असेल तर आयनोड संपलेत, म्हणजे लाखो बारीक फाइली कुठेतरी साठल्यात. पीएचपीच्या सेशनचं फोल्डर आधी बघा.

‘सुडो जर्नलसीटीएल डॅश डॅश व्हॅक्यूम-साइज’ला बरोबरच्या चिन्हापुढे २०० मोठा एम द्या आणि ‘सुडो ॲप्ट क्लीन’ करा. या दोन्हींनी बिनधोक जागा मिळते. चालू लॉग ‘आरएम’ने पुसू नका. फाइल दिसेनाशी होते पण प्रोसेसने ती धरून ठेवलेली असते, त्यामुळे जागा सुटत नाही. ‘ट्रंकेट डॅश एस ०’ने रिकामी करा. आधीच पुसली असेल तर ‘सुडो एलएसओएफ प्लस मोठा एल १’ने धरलेल्या फाइली दिसतात, ती सर्व्हिस रीलोड, नाहीतर रीस्टार्ट केली की जागा मोकळी होते.

ईएक्सटी४ डिस्कवर ५ टक्के जागा रूटसाठी राखीव असते. म्हणून डिस्क १०० टक्के दाखवत असतानाही रूट लॉगिन करू शकतो, पण डेटाबेस मात्र बंद पडलेला असतो. डेटाबेसच्या फोल्डरला हात लावू नका. तिथल्या मोठ्या फाइली फालतू दिसतात, नसतात.

१६. पावसात वीज जाऊन आली, तेव्हापासून साइट बंद आहे.

जून ते सप्टेंबर हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. वीज गेल्यावर पाच वेगवेगळ्या गोष्टी बिघडू शकतात.

सर्व्हिस बूटला सुरूच होत नसेल तर ‘सिस्टमसीटीएल इज-एनेबल्ड’ विचारा. ‘डिसेबल्ड’ असेल तर ‘एनेबल’ करा, ‘मास्क्ड’ असेल तर आधी ‘अनमास्क’. कित्येक मशीनवर कोणीतरी हाताने एकदा सुरू केलेला सर्व्हर वर्षभर चाललेला असतो आणि हे पहिल्या वीजखंडाला कळतं.

डिस्क रीड-ओन्ली झाली असेल तर फाइल सिस्टमला गडबड सापडली आहे. आधी जमेल तेवढा बॅकअप बाहेर काढा. मग मशीन रिकव्हरीतून उठवून, डिस्क माउंट (जोडलेली) नसताना ‘एफएससीके’ ही डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड चालवा. माउंट असलेल्या डिस्कवर ते चालवलं तर उरलेलंही जातं.

मशीन ‘इमर्जन्सी मोड’मध्ये थांबलं असेल तर बहुतेक वेळा ‘एफएसटॅब’मध्ये (बूटला कुठल्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) लिहिलेली एखादी बाहेरची डिस्क आता नाहीये. तिच्या ओळीत ‘नोफेल’ टाका.

चौथी गोष्ट राउटर. तोही बंद होऊन उठला आणि त्याने सर्व्हरला नवा आयपी दिला. मग राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग जुन्या आयपीकडे जात राहतं आणि सर्व्हर ठणठणीत असून साइट बंद दिसते. राउटरमध्ये सर्व्हरच्या मॅक पत्त्याला आयपी कायमचा बांधून द्या.

पाचवी, जुन्या मशीनमध्ये: मदरबोर्डचा सेल संपलेला असतो, घड्याळ कुठल्या कुठे जातं आणि मग सर्टिफिकेटं ‘अजून लागू नाहीत’ म्हणून नाकारली जातात. ‘टाइमडेटसीटीएल’ने बघा. सेल बदला.

आणि यूपीएस घ्या. सर्व्हरला लावा तसाच राउटरलाही लावा.

१७. रात्री किंवा ठरावीक वेळी आपोआप बंद पडतो.

‘सुडो जर्नलसीटीएल डॅश के’मध्ये ‘आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस’ शोधा. सापडलं तर मेमरी संपून कर्नलने सर्वांत जड प्रोसेस मारली, बहुधा डेटाबेस. उबुंटूवर अपॅचीच्या प्रीफोर्क पद्धतीत ‘मॅक्स रिक्वेस्ट वर्कर्स’ (एका वेळी चालणाऱ्या प्रोसेसची मर्यादा) १५० असतं. प्रत्येक वर्करने ५० एमबी धरली तरी साडेसात जीबी होतात, आणि मशीन १ जीबीचं. आकडा कमी करा. २ जीबीची स्वॅप फाइल (डिस्कवरची जादा मेमरी) जोडली तर श्वास घ्यायला जागा मिळते, पण मूळ दुखणं आकड्यातच आहे.

मेमरी ठीक असेल तर आपोआप होणारे अपडेट बघा. उबुंटूवर ते सकाळी ६ ते ७ च्या दरम्यान लागतात आणि गरज पडली तर सर्व्हिस रीस्टार्ट होते. कोणीतरी पंधरा दिवसांपूर्वी कॉन्फिग अर्धवट बदलून ठेवलं असेल तर ते त्या क्षणी उघडं पडतं. क्लाउडवरच्या मशीनचं घड्याळ बहुतेक वेळा यूटीसीवर असतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यामुळे ‘रोज दुपारी साडेअकरा-बाराला पडतो’ अशी तक्रार आली की आम्ही आधी हेच बघतो. लॉग वाचतानाही हा फरक धरा, नाहीतर तुम्ही भलत्याच वेळेच्या ओळी वाचाल.

१८. सर्व्हर चालू दिसतो, पण बाहेरून साइट उघडत नाही.

सर्व्हरवरच ‘कर्ल डॅश मोठा आय लोकलहोस्ट’ द्या. उत्तर आलं तर अडथळा वाटेत आहे. उबुंटूवर ‘यूएफडब्ल्यू स्टेटस’, रॉकीवर ‘फायरवॉल-सीएमडी डॅश डॅश लिस्ट-ऑल’, क्लाउडवर सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे तिथली फायरवॉल. ८० आणि ४४३ तिन्हीकडे खुले हवेत. रॉकीवर नियम जोडताना ‘परमनंट’ लावा आणि ‘रीलोड’ करा, नाहीतर तो रीबूटला जातो.

सर्व्हर ऑफिसात असेल तर राउटरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर इंटरनेट कंपनीने तुम्हाला सामायिक पत्ता दिलाय आणि बाहेरून आत येणं शक्यच नाही. त्यांच्याकडून स्टॅटिक आयपी घ्या.

एक उलटा प्रकार: मोबाइल डेटावर उघडते, ऑफिसच्या वायफायवर नाही. बरेच राउटर आतून बाहेर जाणारी विनंती परत आत वळवत नाहीत. साइट सगळ्या जगाला दिसतेय, फक्त तुम्हाला नाही.

१९. ५०२ किंवा ४०३ दिसतं. हाही सर्व्हर बंदच ना?

नाही, एरर दाखवायला तो जिवंत आहे. ५०२ म्हणजे एनजिनएक्सच्या मागचा प्रोग्राम उत्तर देत नाही. उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर गेलात तर पीएचपी ८.१ चं ८.३ होतं, सॉकेटच्या फाइलचं (एनजिनएक्स ज्या फाइलीतून पीएचपीशी बोलतो तिचं) नाव बदलतं आणि कॉन्फिगमध्ये जुनंच राहतं. तिथला आकडा बदलून रीलोड करा. रॉकीवर ५०२ आणि लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ असेल तर ‘सुडो सेटसेबूल डॅश मोठा पी एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट १’.

४०३ म्हणजे बघायला मनाई. त्यात फाइलीची परवानगी ठीक असूनही वरच्या एखाद्या फोल्डरला ‘एक्स’ (आत शिरायची परवानगी) नसतो. उबुंटूत होम फोल्डरमध्ये साइट ठेवली की हेच होतं. साइट ‘व्हार’च्या ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’मध्ये हलवा. रॉकीवर हलवल्यानंतर ‘रीस्टोरकॉन’ही चालवा.

अपग्रेड करताना एक सांगतो: ट्रान्स-हार्बर लोकलमधून मोबाइलवर एसएसएच करून अपग्रेड सुरू करू नका. करायचंच असेल तर टीमक्समध्ये करा, म्हणजे नेटवर्क तुटलं तरी काम अर्धवट राहत नाही.

२०. सर्टिफिकेट संपलं. आपोआप वाढतं ना?

लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि सर्टबॉट नावाचा प्रोग्राम ते वाढवतो, पण ८० पोर्ट बंद केला किंवा डोमेन हलवलं की वाढवणं गुपचूप अडतं. मुदत संपत आल्याचे मेल त्यांनी जून २०२५ पासून बंद केले आहेत, त्यांच्यावर विसंबू नका. ‘सुडो सर्टबॉट रिन्यू डॅश डॅश ड्राय-रन’ महिन्यातून एकदा चालवा. नवं सर्टिफिकेट आलंय आणि ब्राउझर जुनंच दाखवतोय, तर सर्व्हर रीलोड व्हायचा राहिलाय.

२१. ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’?

सर्व्हर १० सेकंदांत ५ वेळा सुरू होऊन पडला, म्हणून सिस्टमडीने (सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामने) हात टेकले. मूळ कारण प्रश्न १२ च्या पद्धतीने शोधून दूर करा, मग ‘सुडो सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड’ आणि ‘स्टार्ट’.

२२. कोणीतरी आत शिरलंय असा संशय आहे. साफ करून टाकू का?

नाही. लॉग पुसू नका, मशीन फॉरमॅट करू नका. नेटवर्कची केबल काढा किंवा सिक्युरिटी ग्रुप बंद करा आणि डिस्कची प्रत घ्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना असे प्रकार कळल्यापासून ६ तासांत कळवावे लागतात आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. त्यानंतर जुनं मशीन दुरुस्त करत बसू नका. नवं लावा, स्वच्छ बॅकअप घाला, सगळे पासवर्ड आणि एसएसएचच्या किल्ल्या बदला. सुडोही अपडेट हवं: जानेवारी २०२१ मध्ये त्यात एक भोक सापडलं होतं, ज्यातून कुठलाही स्थानिक युजर रूट होऊ शकत होता. १.९.५पी२ मध्ये ते बुजवलं.

२३. मदत मागताना तुम्हाला काय पाठवू?

‘साइट बंद आहे’ एवढंच पाठवलंत तर पहिला अर्धा तास विचारण्यात जातो. लिनक्स कुठलं आणि कितवं, हे ‘ईटीसी’मधल्या ‘ओएस-रिलीज’ फाइलमध्ये असतं. स्टेटस, कॉन्फिगटेस्ट आणि जर्नलच्या ५० ओळी मजकूर म्हणून पाठवा, मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो नको. शेवटचं चालू कधी होतं आणि त्यानंतर कोणी काय बदललं हे लिहा. ‘काहीच बदललं नाही’ असं वाटत असेल तर ‘ॲप्ट’च्या ‘हिस्टरी डॉट लॉग’मध्ये एकदा डोकवा. पासवर्ड आणि खाजगी किल्ली मात्र व्हॉट्सॲपवर कोणालाही पाठवू नका, आम्हालाही नाही.